लीज घेणारा आमच्या जमिनीवर हरणांसाठी मक्याचे फीडर लावू म्हणतोय. लावू द्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमध्ये लॅनो काउंटीत ५० एकर घेतलीत, स्वतः शिकार करत नाही, पण हंगामापुरती जमीन शिकारीसाठी लीजवर द्यायची आहे. लीज घेणारा दोन फीडर लावायचे म्हणतो आणि वर सांगतो, "हरणांचंही पोट भरेल." हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

फीडर खुशाल लावू द्या, पण काही अटींवर. पोट भरण्याचं म्हणाल तर ते खरं नाही. मका हे आमिष आहे. हरणानं झाडीतून बाहेर यावं, ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी उभं राहावं, यासाठी तो टाकतात. हे डोक्यात पक्कं असलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. माझ्या डोक्यात ते नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा माणदेशातला. तुमच्या शेजारच्या मेसन काउंटीत आम्ही तिघा मित्रांनी मिळून २०११ साली ७० एकर घेतली. ते टेक्सासमधल्या भीषण दुष्काळाचं वर्ष होतं. गवत जळून गेलेलं, ओकची झाडं वाळत चाललेली, आणि बरगड्या दिसणारी हरणं भर दुपारी रस्त्याकडेला उभी. दुष्काळात छावणीच्या दावणीला बांधलेली गुरं मी लहानपणी पाहिली आहेत. त्यामुळे मला पहिलं सुचलं ते हेच, की यांना खायला घालू. गावातल्या दुकानात ५० पौंडांच्या मक्याच्या गोण्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, फीडर बाहेरच मांडलेले होते. दोन घेऊन आलो.

ज्यांनी फीडर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिवईवर उभं केलेलं २०० लिटरचं पिंप, बुडाला बॅटरीवर चालणारी मोटर आणि फिरती चकती, बॅटरीसाठी छोटं सोलर पॅनल. टायमर लावलेला असतो. सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी मावळायच्या आधी चकती काही सेकंद फिरते आणि मका गोलाकार उधळला जातो. एका पिंपात साधारण दीडशे किलो मका मावतो. तो घर्रर्र आवाज हरणं थोड्याच दिवसांत ओळखायला लागतात. शंभरेक यार्डांवर मचाण असतं, इथे त्याला ब्लाइंड म्हणतात. टेक्सासमध्ये जवळपास ९५ टक्के जमीन खाजगी आहे आणि खाजगी जमिनीवर हरणांसाठी असा मका टाकायला कायद्याची आडकाठी नाही. इलिनॉय, मिनेसोटा अशा राज्यांत मात्र हरणांच्या शिकारीसाठी आमिष टाकणं बेकायदा आहे. तिथले कुणी हे वाचत असतील तर त्यांनी इथलं अनुकरण करू नये.

आमची चूक कुठे होती, ते मला वडिलांशी फोनवर बोलताना कळलं. मी कौतुकानं सांगत होतो की हरणांना मका घालतोय. ते म्हणाले, "वैरण काय देतोस?" मी म्हटलं, वैरण नाही, मकाच. ते गप्पच झाले. मग मलाच आठवलं. आमचं एक खिलार खोंड रात्री दावं तोडून खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीला लागलं होतं. सकाळी पोट तट्ट फुगलेलं, उभं राहवेना. डॉक्टर तालुक्याहून येईपर्यंत ते गेलं.

रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट म्हणजे जिवाणूंचं आंबवणाचं भांडं. त्यातले जिवाणू रोजच्या पाल्याला, काड्यांना, चाऱ्याला सरावलेले असतात. एकदम भरपूर धान्य पडलं की त्यातला स्टार्च झपाट्यानं आंबतो, लॅक्टिक आम्ल वाढतं, नेहमीचे जिवाणू मरतात आणि जनावर आतून आंबून जातं. हरणाचं पोटही असंच चार कप्प्यांचं. उत्तरेकडच्या राज्यांत भर हिवाळ्यात बर्फ साचल्यावर लोक दया येऊन मक्याचे ढीग घालतात आणि चार दिवसांनी भरल्या पोटाची मेलेली हरणं सापडतात. टेक्सासमधल्या फीडरमधून रोज थोडाच मका पडतो, बाकी पाला हरीण खातच असतं, त्यामुळे इथे इतकं टोकाचं सहसा होत नाही. पण म्हणून मक्याची वैरण होत नाही. तो खुराक, तोही अपुरा. मक्यात प्रथिनं ८ टक्क्यांच्या आसपास. नराची शिंगं दर वर्षी गळून नव्यानं येतात. त्या वाढीच्या दिवसांत, म्हणजे वसंतापासून उन्हाळाभर, त्याला १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. मका टाकून शिंगं वाढतात असं तुम्हाला कुणी सांगितलं तर मान हलवा आणि सोडून द्या.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला पटकन कळेल. पांढऱ्या शेपटीचं हरीण गाईसारखं चरत नाही, ते शेळीसारखं खातं. गवत थोडं; बाकी कोवळा पाला, शेंडे, रुंद पानांच्या रानवनस्पती, आणि शरदात ओकची फळं. ज्या वर्षी ओकला फळं भरपूर धरतात, त्या वर्षी फीडरकडे हरणं ढुंकून बघत नाहीत. लीज घेणारा तक्रार करेल, तेव्हा घाबरू नका. फीडर ठीक आहे, हरणांना त्याहून चांगलं मिळालंय एवढंच.

आता तुमच्या जमिनीवर एक फेरी मारा आणि झाडांकडे बघा. हरणाचं तोंड पोचेल तिथपर्यंत, म्हणजे साधारण चार फुटांपर्यंत, पाला साफ आणि वर हिरवं, अशी सरळ रेघ दिसली तर समजा की जमिनीला झेपतील त्याहून जास्त हरणं आहेत. लॅनोत ती दिसायचीच शक्यता जास्त. तुमचं गाव स्वतःला टेक्सासची हरणांची राजधानी म्हणवतं, आणि दाटीमुळे हिल कंट्रीतली, म्हणजे मध्य टेक्सासच्या या टेकड्यांच्या भागातली, हरणं दक्षिण टेक्सासच्या हरणांपेक्षा अंगानंही लहान राहतात. त्यातच चितळं आहेत. हो, आपलीच चितळं. १९३० च्या दशकात ती इथे आणून सोडली आणि आता हिल कंट्रीभर पसरली आहेत. पहिल्यांदा मचाणावरून ठिपक्यांचा कळप मक्यावर आलेला पाहिला तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता. चितळ पाला संपल्यावर गवतावरही जगतं, इथल्या हरणाला ते जमत नाही. म्हणजे ज्या तुटपुंज्या पाल्यावर इथली हरणं जगतात, त्यात वाटेकरी वाढतात. फीडरनं सगळ्यांना एका जागी गोळा केलं की मका संपल्यावर ती आसपासचा पालाही ओरबाडतात. दयेपोटी लावलेल्या फीडरनं आम्ही आमच्याच जमिनीचा एक कोपरा दोन वर्षांत उघडा केला.

बुरशीचं तर फारच मनावर घ्या. त्या हिवाळ्यात अखेर पाऊस आला. आमच्या एका पिंपाचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. तीन आठवड्यांनी गेलो तर तळाचा मका दगडासारखा घट्ट, हिरवा-काळा, कुबट वास. आणि तो तसाच चकतीवर थोडाथोडा पडत होता. मक्यावरची एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. उष्णता आणि दुष्काळात शेतातल्या कणसावरच ती धरते, नंतर दमट गोदामात वाढते. हे यकृत पोखरतं, आणि पक्ष्यांना त्याचा त्रास फार लवकर होतो. हे विष ओळखलं गेलं तेच मुळी पक्ष्यांमुळे: १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीची शेंगदाणा पेंड खाऊन लाखभर टर्की मेल्या, त्यातून. तुमच्या फीडरखालीही हरणांच्या आधी रानटर्की आणि कार्डिनल येणार आहेत. माणसांच्या खाण्यासाठी अमेरिकेत अब्जात २० भाग ही मर्यादा आहे, मांसासाठी वाढवलेल्या गुरांच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात ३०० भागांपर्यंत चालतं. म्हणजे 'जनावरांचा मका' म्हणून स्वस्तात मिळणारा मका पाखरांना चालेलच असं नाही. गोणीवर तपासणीचा आकडा २० किंवा त्याखाली लिहिलेला असेल तीच गोणी आणायची, हे लीजमध्ये लिहून घ्या. पिंप काठोकाठ भरायचं नाही आणि एप्रिल ते सप्टेंबर मका घालायचाच नाही.

दुसरी मोठी भीती क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची, म्हणजे हरणांना हळूहळू झिजवून मारणाऱ्या मेंदूच्या रोगाची. १९६७ साली कोलोरॅडोत बंदिस्त हरणांमध्ये हा रोग पहिल्यांदा दिसला. टेक्सासमध्ये २०१२ साली अगदी पश्चिमेला ह्वेको डोंगरांतल्या म्यूल हरणांत (ही इथली हरणांची दुसरी जात) सापडला, आणि २०१५ साली सॅन अँटोनियोच्या पश्चिमेच्या मेडिना काउंटीत पाळीव पांढऱ्या शेपटीच्या हरणांत. हा जिवाणू-विषाणूंचा रोग नाही. बिघडलेल्या प्रथिनाचा, प्रिऑनचा आहे. इलाज नाही, लागण झालेलं हरीण वाचत नाही. प्रिऑन लाळेतून, मूत्रातून, लेंड्यांतून पडतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. आता तीसेक हरणं रोज दोनदा एकाच गोल तुकड्यावर तोंडं घालून दाणे वेचताना डोळ्यांसमोर आणा. माणसाला हा रोग झाल्याची नोंद नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा सरकारी आरोग्य खात्याचा सल्ला आहे. तुमचा भाग नियंत्रण क्षेत्रात येतो का, मारलेलं हरीण तपासणीला न्यावं लागतं का, हे दर हंगामाआधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफकडे विचारा. हे नियम बदलत राहतात.

रानडुकरांबद्दल थोडक्यात सांगतो. येतील, नक्की येतील. आमच्या एका तिवईचे पाय त्यांनी उकरून पिंप आडवं केलं. फीडरभोवती अडीच-तीन फूट उंच जाळीच्या पॅनलचं प्रशस्त कुंपण घालायला सांगा. हरीण उडी मारून आत जातं, डुकराला ती उडी सहसा जमत नाही. खर्च लीज घेणाऱ्याचा.

एक कायद्याची मेख बऱ्याच जणांना माहीत नसते. १ सप्टेंबरला पारव्यांच्या, म्हणजे डव्हच्या, शिकारीचा हंगाम सुरू होतो. ते स्थलांतरी पक्षी असल्यामुळे त्यांना केंद्राचा कायदा लागू होतो, आणि टाकलेल्या धान्यावर आलेल्या पारव्यांवर गोळी झाडणं गुन्हा आहे. मका पूर्ण उचलल्यानंतरही १० दिवस ती जागा आमिषाचीच धरतात. हरणांसाठी चालू असलेल्या फीडरशेजारी कुणी पारवे मारले तर हरणांचा फीडर कायदेशीर होता हा बचाव चालत नाही. म्हणून तुमच्याकडे ऑक्टोबरच्या आधी फीडर सुरू करू देऊ नका, आणि तो चालू असेपर्यंत त्याच्या आसपास कुणाला पारवे मारू देऊ नका.

पैसे घेऊन शिकारीसाठी जमीन देणाऱ्या मालकाला स्वतःचं हंटिंग लीज लायसन्स लागतं, ते आधी काढा. आणि फीडर लावला की मालमत्ता करात सवलत मिळते असं कुणी सांगितलं तर तेही अर्धवट आहे. शेतीच्या दरानं कर बसत असलेली जमीन वन्यजीव व्यवस्थापनात बदलून घेता येते, १९९५ पासून तशी सोय आहे. पण त्यासाठी सातपैकी किमान तीन गोष्टी खरोखर कराव्या लागतात: अधिवास सुधारणं, धूप थांबवणं, पाणी, निवारा, गणना वगैरे. पूरक खाद्य त्यातलं एक, पण तिथे अपेक्षा १६ टक्के प्रथिनांच्या खाद्याची आहे. मका त्यात बसत नाही.

मग मी फीडर लावूच का देतो? कारण आमच्याकडे अजून एक आहे, आणि तो मला गरजेचा वाटतो. दाट झुडपांत पळत्या हरणावर घाईनं गोळी झाडली जाते, जनावर जखमी होऊन निघून जातं. मक्यावर ते शांत उभं असतं, अंतर माहीत असतं, ही मादी की दीड वर्षाचा नर हे दुर्बिणीतून बघायला वेळ मिळतो. एका गोळीत संपतं. मारायचंच असेल तर असं मारावं, असं मला मनापासून वाटतं. आणि या भागात माद्या कमी होणं गरजेचं आहे, हेही मी आता मानतो. पहिली काही वर्षं मला ते जड गेलं. मांस वाया जाऊ देत नाही. आम्ही खातो, उरलेलं भुकेल्यांसाठी मांस गोळा करणाऱ्या योजनेत देतो.

तेव्हा ५० एकरांवर दोन नाही, एकच फीडर लावू द्या. तो शेजाऱ्याच्या कुंपणापासून आत, पाण्याच्या डबक्यापासून लांब असावा. पहिल्या दिवशी खाली ताडपत्री पसरून चकती दहा सेकंद फिरवा आणि पडलेला मका वजन करा. प्रत्येक यंत्राचा वेग वेगळा असतो आणि लोक अंदाजानं तिप्पट मका उधळतात. हंगाम संपला की आठवडाभरात पिंप रिकामं करून धुऊन उपडं ठेवायचं. लीजमध्ये नरांची मर्यादा सगळे लिहितात. तुम्ही किती माद्या काढायच्या तेही लिहा.

आणि खरंच हरणांना खायला घालायचं असेल, तर मक्याचे ते पैसे सीडर, म्हणजे इथली जुनिपरची दाट झाडं, तोडण्यात घाला. ओकभोवती दाटलेलं सीडर काढलं की उजेड आणि पाणी जमिनीपर्यंत पोचतं, पाल्याची झुडपं आपोआप फुटतात. आम्ही दर हिवाळ्यात दोन-तीन एकर साफ करतो, उतारावरचं मात्र सोडतो, नाहीतर माती वाहून जाते. कुठलं तोडायचं, कुठलं ठेवायचं, माद्या किती काढायच्या, हे सांगायला पार्क्स अँड वाइल्डलाइफचा तुमच्या काउंटीचा जीवशास्त्रज्ञ जमिनीवर येतो, आणि एक पैसाही घेत नाही. लीजवर सही करायच्या आधी त्याला बोलवा.