पाण्याचं बिल सारखं, मग नळ मीच का बंद करायचा?

(या सदरात वाचकांना उत्तरं देतात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले नाशिकचे एक कालवा निरीक्षक.)

प्रश्न : आमच्या सोसायटीत 32 सदनिका. आम्ही दोघंच राहतो. समोरचे रोज सकाळी पाइप लावून गाडी धुतात, बिल मात्र सगळ्यांना सारखं. मी धुण्याचं पाणी संडासात वापरते, तर आमचे हे म्हणतात, "तू वाचवलेलं पाणी त्या गाडीवर जातं." खरंच माझ्या एकटीच्या बादलीनं काही होतं का?
— सौ. म. कु., इंदिरानगर

उत्तर : ताई, तुमचे यजमान खरं तेच बोलताहेत. वाटणी सारखी असेल आणि मोजमाप कुणाचंच नसेल, तर एकानं राखलेलं पाणी दुसऱ्याच्या पाइपातून जाणारच. यात समोरच्यांचा स्वभाव कमी आणि हिशेबाची पद्धत जास्त दोषी आहे.

हे मी कालव्यावर नोकरीभर पाहिलं. हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेला शेतकरी रात्री गेट उचलून उसाला पाणी सोडायचा आणि टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा माणूस पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म हातात घेऊन कोरड्या चारीत उभा. पाणीपट्टी पिकावर आणि एकरावर, मग कमी पाणी घेऊन कुणाला काय मिळणार? आम्ही 'पाणी जपून वापरा'चे बोर्ड रंगवायचो. त्या बोर्डांना लोक म्हशी बांधायचे.

फरक पडला तो ओझरला. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचं हे टेल. 1990 च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. त्यांनी खात्याकडे मागितलं ते एवढंच, की आम्हाला पाणी मोजून द्या, पैसे मोजलेल्या पाण्याचे घ्या, आणि आत कुणी काय पिकवायचं ते आमचं आम्ही बघू. पाळी वाटून देणारा पाटकरी संस्थेचा, त्याचा पगारही संस्थेचा. चारीच्या तोंडाशी मोजपट्टी. एक म्हातारबा डोक्यावरची टोपी काढून त्या पट्टीवरचं शेवाळ पुसायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे, पलीकडच्या बांधावरच्यालाही ऐकू जावा म्हणून. माझ्या वहीतल्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि ते बरोबरच होतं. पुढे वाघाडच्या सगळ्याच लाभक्षेत्राचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांकडे गेला, आणि 2005 मध्ये राज्यानं त्यासाठी कायदाही केला. ती माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा सज्जन होती असं मुळीच नाही. भांडणं भरपूर व्हायची, पण आकड्यावरून व्हायची.

तेव्हा तुम्हीही आकड्यापासून सुरुवात करा. 10 लिटरची बादली त्या गाडी धुण्याच्या पाइपाखाली धरा आणि घड्याळ लावा. 50 सेकंदांत भरली, तर मिनिटाला 12 लिटर झाले. पाऊण तास नाही, पंधराच मिनिटं पाइप चालला तरी 180 लिटर. हे समोरच्यांना चहाला बोलावून सांगा. सभेत सांगितलंत तर ते हट्टाला पेटतील.

त्याआधी गळती शोधा, कारण ती गाडीपेक्षा जास्त पाणी खाते आणि तिच्यावर कुणाला राग धरता येत नाही. रात्री बारा वाजता पंप बंद असताना गच्चीवरच्या टाकीत पाणी कुठवर आहे तिथे खूण करा, पहाटे चारला परत बघा. टाकी तीन मीटर बाय दोन मीटर असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे 60 लिटर गेले. सगळे झोपलेले असताना चार-पाच सेंटिमीटर उतरली, तर कुणाचा तरी फ्लश रात्रभर गळतोय. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून ठेवा. फ्लश न करता रंग खाली भांड्यात आला, की वॉशर बदलायचा. काम एवढंच.

आता बिलाचं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टी सरसकट सारखी वाटा असं म्हटलेलंच नाही. सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार बघून वाटा, असं आहे. माझ्या मते तेही अर्धवटच आहे, नळ मोजले म्हणजे पाणी मोजलं असं होत नाही. पण 'सारखं बिल हाच नियम' म्हणणाऱ्या सेक्रेटरींचं तोंड बंद करायला तेवढं पुरे. घरटी मीटर जुन्या इमारतीत अवघड असतात, कारण मोरी, संडास, स्वयंपाकघर यांना गच्चीवरून वेगवेगळ्या लाइनी उतरतात आणि एका घराला तीन-तीन मीटर लागतात. म्हणून निदान मुख्य मीटर आणि बागेचा-पार्किंगचा नळ यांचं वाचन दर महिन्याला फलकावर लावा. वाचायला पाळीपाळीनं दोन घरं नेमा. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, विषय आधी लेखी द्या. आणि धुण्याचं पाणी संडासात वापरता, ते चालू ठेवा. ज्याच्या घरी बादली आहे त्याचंच सभेत ऐकतात.

प्रश्न : आम्ही कॉलेजची मुलं रविवारी गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) सफाईला जातो. पुढच्या रविवारी तेवढंच प्लास्टिक, आणि पाण्याचा वास तसाच. बंद करावं का?
— रो. पा., पंचवटी

उत्तर : वास तुमच्या झाडूनं जाणार नाही, तेव्हा त्याचं ओझं घेऊ नका. तो सांडपाण्याचा आहे. नासर्डीसारख्या उपनद्यांतून घाण टाकळीजवळ गोदावरीत येते, त्याच खतावर खाली पाणवेली माजतात. त्याच प्रवाहावर पुढे नांदूरमध्यमेश्वर आहे, रामसर यादीतलं, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं, पक्ष्यांचं पाणथळ. हे काम मलनिस्सारण केंद्राचं. तिथे झाडू नाही, अर्ज लागतो : केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीचे आकडे माहितीच्या अधिकारात मागा, दर तीन महिन्यांनी मागत राहा. मागणारे कॉलेजचे आहेत कळलं की बाबू जरा जपून उत्तर देतात, हा माझा अनुभव, मी बाबूच होतो.

प्लास्टिकचं मात्र तुमच्या हातात आहे. सगळा घाट धरू नका, एकच पायरी-पट्टा धरा. त्या पट्ट्यावरच्या फुलवाल्या मावशींना विचारा, पिशवीऐवजी द्रोणात फुलं दिली तर गिऱ्हाईक तुटतं का. निर्माल्य पिशवीसकट पाण्यात टाकणारा भाविक वाईट नसतो. पिशवी मोकळी करून कलशात टाकायला कुणी समोर उभं असलं, तर तो ऐकतो. पौर्णिमा-अमावस्येला सकाळी उभे राहा, रविवारी उशिरापर्यंत झोपा.

प्रश्न : घरी गणपतीची पीओपीची मूर्ती आधीच आणून झाली आहे. आता काय?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : बादलीत विसर्जन करा, पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं दाखवलेली पद्धत आहे. मूर्ती दोन-चार दिवसांत विरघळते. खाली चुन्यासारखा गाळ बसतो, वरचं पाणी अमोनियम सल्फेटचं, म्हणजे खतच. भरपूर पाणी मिसळून झाडांना घाला, तुळशीला एकदम ओतू नका. खोली बंद ठेवू नका, वास उग्र असतो. पुढच्या वर्षी मात्र शाडूची लहान मूर्ती आधीच सांगून ठेवा, गणपतीच्या आठवड्यात ती मिळत नाही.