झोईच्या हातात खरी सत्ता होती का?

तुम्ही विचारलंय, बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) साम्राज्याची सम्राज्ञी झोई हिने खरंच राज्य केलं, की तिच्याशी लग्न करणारे राजे होत गेले एवढंच? कारभार बहुतेक काळ नवऱ्यांकडेच होता. पण तिचं वजन किती होतं ते एप्रिल १०४२ मध्ये दिसलं, आणि तिच्या लग्नांपुढे ते कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

झोईचा बाप सम्राट आठवा कॉन्स्टंटाईन, त्याला मुलगा नव्हता. १०२८ मध्ये तो मरणपंथाला लागला, तेव्हा पन्नाशीच्या झोईचं लग्न घाईघाईने रोमानोस आर्गिरोसशी लावलं. त्याच्या आधीच्या बायकोला मठात धाडून! १०३४ मध्ये रोमानोस स्नानगृहात मेला, संशय झोईवर आला. तिने लगोलग तरुण मायकेलशी लग्न केलं. त्याने आणि त्याचा भाऊ जॉनने तिला नजरकैदेत ठेवलं, वर आपला भाचा तिच्या मांडीवर दत्तक दिला.

हाच भाचा पुढे पाचवा मायकेल म्हणून राजा झाला. गादीवर बसून चार-पाच महिने झाले नाहीत तोच त्याने या आईचे केस कापून तिला प्रिन्किपो बेटावरच्या मठात टाकलं. तसा जाहीरनामा चौकात वाचला गेला आणि राजधानी कॉन्स्टँटिनोपल पेटलं. तेव्हा दरबारात असलेला इतिहासकार प्सेलॉस लिहितो की कधी उंबरठा न ओलांडलेल्या बायकाही रस्त्यावर उतरल्या. घाबरून मायकेलने झोईला परत आणलं, हिप्पोड्रोमच्या, म्हणजे शर्यतींच्या मैदानाच्या, सज्जातून लोकांना दाखवलं. लोक हटेनात. त्यांनी तिची धाकटी बहीण थिओडोरा हिलाही मठातून आणून आयासोफिया या मोठ्या चर्चमध्ये सम्राज्ञी केलं. मायकेल पळाला, पकडला गेला, त्याचे डोळे काढले.

मग काही आठवडे दोघी बहिणींनी शेजारी बसून राज्य केलं. खटले ऐकले, परदेशी वकिलांना भेटल्या, पदांचा बाजार बंद केला.

जूनमध्ये झोईने कॉन्स्टंटाईन मोनोमाखोसशी तिसरं लग्न केलं. आयासोफियाच्या दक्षिण सज्जातल्या मोझेकमध्ये दोघं आहेत: मध्ये येशू, राजाच्या हातात पैशाची थैली, तिच्या हातात गुंडाळी. राजाचं नाव बदललेलं तिथे चक्क दिसतं. आधीच्या नवऱ्याचं खरवडून कॉन्स्टंटाईनचं बसवलंय.

झोई १०५० मध्ये गेली. १०५५ मध्ये कॉन्स्टंटाईन मरताना वारस म्हणून दुसराच माणूस पुढे करायचा घाट घातला गेला, पण राजवाड्याचे पहारेकरी सत्तरी ओलांडलेल्या थिओडोराच्या बाजूने उभे राहिले आणि ती एकटीच गादीवर बसली.