वेळ कमी, तरीही हार?

प्रश्न : गेल्या वर्षी लेबर डेच्या सुट्टीत मुलीकडे इंडियानापोलिसला असताना ‘यूएस नॅशनल्स’ ही ड्रॅग रेस, म्हणजे सरळ पट्ट्यावर शेजारी-शेजारी दोन गाड्यांची थांबलेल्या स्थितीतून सुरू होणारी छोट्या अंतराची शर्यत, पाहण्याचा योग आला. टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान गाड्यांच्या गटातील एका लढतीत उजवीकडील गाडीची वेळ ३.७४ सेकंद आणि डावीकडीलची ३.७८ सेकंद अशी फलकावर दिसली. विजयी मात्र डावीकडील गाडी ठरली. ही चूक होती की नियम? काही गटांत एक गाडी आधी आणि दुसरी नंतर सोडत होते, तेही समजले नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चूक नव्हती. आपण पाहिलेली वेळ ही इलॅप्स्ड टाइम, म्हणजेच ‘ईटी’ होती, आणि ईटीचे घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर नव्हे, तर गाडी प्रत्यक्ष जागची हलल्यावर सुरू होते. प्रारंभरेषेवर प्रकाशकिरणांच्या दोन जोड्या असतात. पहिल्या किरणात पुढचे चाक आले की ‘प्रीस्टेज’चा दिवा लागतो आणि तेथून सुमारे सात इंच पुढे सरकले की ‘स्टेज’चा. सुटताना चाक स्टेजच्या किरणातून बाहेर पडते, त्या क्षणापासून ईटी मोजली जाते. हिरवा दिवा लागल्यानंतर त्या क्षणापर्यंत गेलेला वेळ ‘रिअ‍ॅक्शन टाइम’ म्हणून वेगळा नोंदवला जातो. समजा, डावीकडील चालकाची ही नोंद ०.०५० आणि उजवीकडीलची ०.११० असेल, तर बेरजा अनुक्रमे ३.८३० आणि ३.८५० होतात. शेवटच्या रेषेवर ताशी सव्वापाचशे किलोमीटरच्या वेगाने सेकंदाचा हा पन्नासावा भाग जवळजवळ तीन मीटरचे अंतर ठरतो. अशा विजयाला ‘होलशॉट’ म्हणतात आणि माझ्या मते या खेळातील खरी गंमत त्यातच आहे, कारण तेथे इंजिनापेक्षा चालकाचे कसब जिंकते.

हे कसब दिव्यांच्या खांबासमोर, म्हणजे ‘ख्रिसमस ट्री’समोर, पणाला लागते. पूर्वी झेंडा हलवून शर्यत सोडत असत. हा खांब १९६३ साली याच नॅशनल्समध्ये आला. व्यावसायिक गटांत तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदांनी हिरवा. इतर अनेक गटांत ते अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने एकामागोमाग एक लागतात. चालक हिरव्याची वाट पाहत बसला तर तो आधीच मागे पडलेला असतो, कारण डोळ्यांना दिसून पाय हलेपर्यंत आणि त्यानंतर चाक किरणाबाहेर पडेपर्यंतही वेळ जातो. म्हणून तो पिवळ्यावरच सुटतो. मात्र हिरव्याच्या क्षणमात्र आधी चाक बाहेर पडले, तर लाल दिवा लागतो आणि लढत गमावली जाते.

आता आधी-नंतर सोडण्याविषयी. त्या बहुधा ‘ब्रॅकेट’ पद्धतीच्या लढती असाव्यात. तेथे आपली गाडी किती सेकंदांत पाव मैल कापेल, ते चालक स्वतः आधी जाहीर करतो. हा ‘डायल-इन’ काचेवर लिहिलेला असतो. एकाने १२.०० आणि दुसऱ्याने १०.५० लिहिले, तर पहिल्याला दीड सेकंद आधी सोडतात. साहजिकच मनात येते, की मग मुद्दाम जास्त वेळ लिहून ठेवावा. पण जाहीर केलेल्यापेक्षा कमी वेळ लागली तर तो ‘ब्रेकआउट’ ठरून हार पदरी येते. दोघांकडूनही तसे घडले, तर आपल्या आकड्यापेक्षा कमी फरकाने खाली गेलेला जिंकतो.

पाव मैल म्हणजे १,३२० फूट, सुमारे ४०२ मीटर. टॉप फ्युएलसाठी मात्र २००८ पासून, एका चालकाच्या अपघाती मृत्यूनंतर, हे अंतर १,००० फुटांवर आणले गेले. आपण पाहिलेले आकडे त्या अंतराचे होते. त्यामुळे जुन्या नोंदींशी त्यांची तुलना करू नये.

पुढच्या वेळी एखाद्या हौशी स्पर्धकाची ‘टाइमस्लिप’, म्हणजे धावेच्या नोंदींची छापील चिठ्ठी, पाहायला मिळाली, तर तिच्यावरील पहिल्या ६० फुटांची वेळ आवर्जून पाहा. पाव मैलाच्या शर्यतीत तेथे वाचलेला दशांश सेकंद शेवटी साधारण दीडपट ते दुप्पट होऊन हाती येतो. चिठ्ठीवरचा वेग मात्र अंतिम रेषेवरील नेमक्या क्षणाचा नसून शेवटच्या ६६ फुटांतील सरासरी असतो.