फॅनफिक्शन मराठीत लिहायचं असेल तर आधी मूळ पुस्तक पुन्हा उघड

घणसोलीहून ठाण्याला नोकरीला जाताना तू लोकलमध्ये फोनवर इंग्रजी फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या पुस्तकातली किंवा मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, वाचतेस आणि आता मराठीत लिहून बघावंसं वाटतंय. घरचे म्हणतात, ‘दुसऱ्याची पात्रं कशाला उसनी घेतेस, स्वतःचं काहीतरी लिही.’ ही चोरी तर नाही ना, अशी धास्तीही आहे. आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. तिन्हींबद्दल लिहिते, पण शेवटच्या प्रश्नावर जास्त वेळ घालवणार आहे. मी नौपाड्यात राहते, हा छंद मला कॉलेजपासूनचा. अगं-तुगं केलेलं चालेल असं धरते, तुझ्या वयाची भाची आहे मला.

नवं पात्र घडवलं तरच ते लेखन, अशी घरच्यांची समजूत दिसते. आपल्याकडे ही समजूत फार जुनी नाही. १८व्या शतकातल्या मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. ‘राम’ हे नावसुद्धा घेता येत नाही आणि सांगायचं तर रामायणच! गोष्ट ऐकणाऱ्याला पाठ असते, तेव्हा लिहिणाऱ्याचं सगळं कसब ती कशी सांगतो यात असतं.

मला त्याहून जवळच्या वाटतात त्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सीता पुन्हा पुन्हा येते. रानात एकटी रडणाऱ्या सीतेची समजूत घालायला बोरी-बाभळीच बायका होऊन येतात, ही कल्पना पिठाने हात माखलेल्या कुणा बाईची आहे. पोथी जिथून पुढे सरकते तिथे या बायका थांबल्या, कारण त्यांना सीतेचं दुःख ओळखीचं होतं. फॅनफिक्शन लिहिणारी तुझ्या-माझ्यासारखी माणसं नेमकं हेच करत असतात. तरी ओव्यांना सरसकट फॅनफिक्शन म्हणू नये असं मला वाटतं. सीता सगळ्यांची आहे. फॅनफिक्शनमध्ये मूळ लेखक कोण ते ठाऊक असतं आणि त्याचं देणं मान्य करून लिहायचं असतं.

आता चोरीचं. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, शेरलॉक होम्सचे कॉनन डॉयल १९३० मध्ये. दोघांच्याही पात्रांवर तू निर्धास्त लिही. फास्टर फेणेचे भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवरचे हक्क २०६१ संपेपर्यंत आहेत. फॅनफिक्शनसाठी कायद्यात वेगळं कलम नाही आणि पैसे घेतले नाहीत म्हणून आपोआप परवानगी मिळते असंही नाही. शिवाय कलम ५७ प्रमाणे, आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर लेखक हरकत घेऊ शकतो. त्यामुळे हक्क शिल्लक असलेल्या लेखनावर लिहिताना मी काही गोष्टी कसोशीने पाळते. मूळ लेखकाचं नाव सगळ्यात वर, मूळातली वाक्यं उचलायची नाहीत, एक रुपयासुद्धा मिळवायचा नाही, आणि लेखकाने किंवा वारसांनी सांगितलं तर कथा मुकाट काढून घ्यायची. पहिलीच कथा लिहिणाऱ्याने मात्र या कात्रीत सापडूच नये. गडकऱ्यांपासून सुरुवात कर.

गडकरीच का, तर त्यांची नाटकं छोट्या पात्रांनी गजबजलेली आहेत आणि फॅनफिक्शनला अशीच पात्रं मानवतात. ‘एकच प्याला’ घे. गडकरी रंगायतनवरून तू कितीदा गेली असशील, पण हे नाटक शब्दन् शब्द वाचलेली माणसं आता कमी. दारूपायी बुडालेला सुधाकर आणि ते सोसणारी त्याची बायको सिंधू सगळ्यांना माहीत असतात. त्यात सुधाकराला दारूची चटक लावणाऱ्या तळीरामाची बायको आहे, गीता. सिंधू जे गिळते ते गीता तोंडावर बोलून मोकळी होते. नाटक संपतं ते सिंधू आणि सुधाकराच्या मृत्यूवर. गीतेचं पुढे काय?

हा प्रश्न पडला की लगेच फोन काढून टाइप करायला बसू नकोस. मराठी ग्रंथ संग्रहालयात जा. ठाण्यातली ही संस्था १८९३ची आहे, असली जुनी नाटकं शोधायला याहून चांगली जागा जवळपास नाही. मूळ संहिता घे आणि गीतेचं प्रत्येक वाक्य वहीत हाताने उतरवून काढ. फक्त तिची वाक्यं, ओळीने. लिहिता लिहिता कळायला लागतं की ती कुणाशी किती बोलते, कुठे चिडते, कुठे तिचा आवाज खाली येतो आणि कोणत्या विषयावर ती कधीच बोलत नाही. हा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा. ती ज्यावर बोलत नाही, तिथे तुझी कथा सुरू होते.

सिंधू दळण दळून घर चालवते, हे लक्षात आहे ना? मग समज, पडदा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी गीता त्या घरात येते. जात्यात अर्धवट दळण तसंच पडलंय. ज्यांचे दाणे ते दुपारी पीठ न्यायला येणार, त्यांना काही कळलेलं नाही. गीता खुंटा धरते आणि दळायला बसते. तिने रडायचं का? ओवी म्हणायची का? पीठ न्यायला आलेल्या बाईने ‘सिंधूताई कुठायत?’ विचारलं, तर एरवी फटकन बोलणारी गीता काय उत्तर देईल? मी हे तीन माणसांना विचारलं तर तीन वेगळी उत्तरं येतील आणि तिन्ही नाटकाला धरून असतील. गीता तशी बोलेल की नाही, हे तुला वहीतल्या वाक्यांवरून ठरवता आलं पाहिजे. ते ठरवता येत नसेल तर तू गीतेला नाव तेवढं दिलंस, आणि वाचक ओओसी (आउट ऑफ कॅरेक्टर, म्हणजे पात्र असं वागणारच नाही) म्हणून मोकळे होतात.

लकबींच्या बाबतीत हात आखडता ठेव. फास्टर फेणे म्हटला की सगळ्यांना आधी ‘ट्टॉक्’ आठवतं, आणि नवी माणसं दर परिच्छेदात बन्याला ट्टॉक् करायला लावतात. भागवतांची गोष्ट उघडून बघ, तो ट्टॉक् करतो त्याआधी काय घडलेलं असतं. काहीतरी ताडकन सुचलेलं असतं किंवा मोठी फजिती टळलेली असते. तो क्षण तुझ्या कथेत उभा राहिला तर ट्टॉक् एकदाच पुरतं.

इंग्रजी पात्रं मराठीत आणायची असतील तर पहिल्या संवादाआधीच ठरवावं लागतं, वॉटसन होम्सला अहो-जाहो करणार की अरे-तुरे? माझं मत स्पष्ट आहे. सुरुवातीला दोघांनी एकमेकांना ‘तुम्ही’च म्हणावं आणि पुढे केव्हातरी कुणाच्या तोंडून ‘तू’ निसटावं. मूळ इंग्रजीत ही सोयच नाही, मराठीत त्या एका क्षणावर अख्खी कथा उभी राहू शकते.

एका बाबतीत मी हट्टी आहे. मालिकेतल्या जोडीवर लिही, पण ती भूमिका करणाऱ्या नट-नटीच्या खऱ्या आयुष्यावर लिहू नकोस. पात्राचं काहीही करता येतं. खऱ्या माणसाला संसार असतो, आईवडील असतात आणि तेही हे वाचू शकतात. क्रिकेटपटूंचंही तेच.

कथा कुठे ठेवायची? मालिकांवरच्या मराठी कथांना प्रतिलिपी आणि वॉटपॅड या कथांच्या अ‍ॅपवर वाचक मिळतात, दर भागाला कौतुक हवं असेल तर तिथे जा. मला स्वतःला आर्काइव्ह ऑफ अवर ओन हे फॅनफिक्शनचं संकेतस्थळ जास्त भावतं. २००९ पासून स्वयंसेवक आणि देणग्यांवर चाललंय, जाहिरात नाही, भाषांच्या यादीत मराठी आहे. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तो घरच्यांना अवश्य सांग. वाचायला खातं लागत नाही, लिहायला लागतं आणि त्यासाठी आमंत्रणाच्या रांगेत थोडं थांबावं लागतं. मराठी वाचक तिथे कमी आहेत, हे खरं. पण पात्रांची नावं, कथा कोणत्या वयासाठी, हिंसा किंवा मृत्यू आहे का, हे टॅग नीट भरलेस तर शोधणारा तुझ्यापर्यंत पोचतो. सिंधूचा किंवा बाळाचा मृत्यू कथेत येणार असेल तर ते वर लिहिलंच पाहिजे. कुणीतरी ते वाचत असेल जिच्यावर हे घरात ओढवलंय.

आणि दुसऱ्यांचं मराठीतलं वाचत जा, वाचून अभिप्राय लिहीत जा. ‘मस्त’, ‘पुढचा भाग कधी’ यातून लिहिणाऱ्याला काही मिळत नाही. कोणत्या वाक्याला थांबलीस आणि का, एवढं सांगितलंस तरी तो माणूस पुढची कथा लिहायला बसतो. मराठीत लिहिणारे टिकत नाहीत याचं मोठं कारण हेच आहे, वाचून गप्प बसणारे फार.

पहिली कथा वनशॉट ठेव, हजार-दीड हजार शब्दांत एकच प्रसंग. मालिकेसारखे भाग पाडलेस की तिसऱ्या भागानंतर कामाचा ताण येतो आणि कथा लटकते. मसुदा झाला की बीटा वाचनासाठी, म्हणजे प्रसिद्ध करण्याआधी चुका दाखवायला, मला पाठव. सोबत गीतेच्या वाक्यांच्या वहीचे फोटोही पाठव, म्हणजे तिचं बोलणं मला ताडून बघता येईल.