वाचकांचे प्रश्न : जुन्या विजेत्यांचा सन्मान

प्रश्न : व्यावसायिक संघांचे मालक वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या विजेत्या संघातील निवृत्त खेळाडूंना मैदानावर बोलावून त्यांचा सत्कार करतात. अशा समारंभात दोन-चार नामवंतच झळकतात आणि बाकीचे मागे राहतात, असे मला वाटते. हा सन्मान मनापासूनचा असतो की तिकीटविक्रीचा भाग? शिवाय संघ दुसऱ्याच्या हाती गेला किंवा बंदच पडला, तर जुन्या विजेत्यांची आठवण कोणी ठेवायची?

उत्तर : तिकीटविक्रीचा हेतू असतोच, आणि तेवढ्यावरून सन्मान खोटा ठरत नाही. मालकाच्या मनात काय आहे हे शोधत बसण्यापेक्षा सत्कार कोणाच्या सोयीने झाला, हे पाहावे. बॉस्टन सेल्टिक्सला बास्केटबॉलच्या १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवून देणाऱ्या बिल रसेल यांचा ६ क्रमांक १९७२ मध्ये निवृत्त करण्यात आला, म्हणजे तो यापुढे संघातील कोणालाही द्यायचा नाही असे ठरले. तो सोहळा रसेल यांच्याच इच्छेनुसार, प्रेक्षकांना आत सोडण्यापूर्वी, रिकाम्या खुर्च्यांसमोर आणि जुन्या सहकाऱ्यांच्या उपस्थितीत पार पडला. भरलेल्या स्टेडियमचा मोह सोडून खेळाडूचा शब्द राखला गेला, म्हणून मला तो आदर्श वाटतो. जाहीर समारंभ पुढे १९९९ मध्ये झाला.

नामवंतांविषयीची आपली शंका रास्त आहे. विजेतेपद संपूर्ण चमूचे असते. राखीव खेळाडू, प्रशिक्षक, संघाचे फिजिओ, खेळाडू हेरून आणणारे अधिकारी यांच्यावाचून ते मिळत नाही. शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाने जानेवारी २०२४ मध्ये काही मोजक्या व्यक्तींबरोबरच साखळी फेरीत ७२ सामने जिंकून केवळ १० गमावणाऱ्या १९९५-९६ च्या अख्ख्या संघाला गौरवले, ही कल्पना उत्तमच होती. त्या संघाचे नामवंत खेळाडू मायकल जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन मात्र आले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, बुल्सच्या सहाही विजेतेपदांच्या काळात संघबांधणी करणारे दिवंगत जेरी क्राउस यांचे नाव पुकारताच प्रेक्षकांतून हुर्यो उडवली गेली आणि तेथे बसलेल्या त्यांच्या पत्नीला अश्रू आवरले नाहीत. त्याच संघातून खेळलेल्या स्टीव्ह कर यांनी या वागण्याचा उघड निषेध केला. क्राउस यांच्याविषयी प्रेक्षकांच्या मनात जुनी अढी होती, हे आयोजकांना ठाऊक नसणे शक्य नाही. अशा वेळी नुसते नाव पुकारण्याऐवजी एखाद्या जुन्या खेळाडूने त्यांच्या कामाविषयी चार शब्द बोलणे आवश्यक होते. ज्यांना आपण बोलावतो, त्यांच्या मानाची जबाबदारी यजमानाचीच असते.

मालक बदलल्याच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. नवा मालक संघाच्या नावाबरोबर जुन्या करंडकांचीही मिरवणूक काढतो. मग ते जिंकणाऱ्यांचे ऋणही त्याच्याकडेच येते. संघच उरला नाही, तर मात्र पंचाईत होते. २००९ मध्ये आयपीएल जिंकणारा डेक्कन चार्जर्स २०१२ मध्ये बंद झाला आणि त्यानंतर हैदराबादला आलेला सनरायझर्स हा वेगळ्या मालकांचा वेगळा संघ आहे. अशा विजेत्यांना बोलावण्याचे काम लीगने करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लीगच बंद पडली तरी वाट निघते. अमेरिकेतील एबीए ही बास्केटबॉल लीग १९७६ मध्ये संपली आणि तिचे चार संघ एनबीए या तेथील प्रमुख बास्केटबॉल लीगमध्ये गेले. तीन वेळा एबीए जिंकणारा इंडियाना पेसर्स त्यांपैकीच एक. एबीएच्या हयात माजी खेळाडूंसाठी एनबीए आणि तिच्या खेळाडूंची संघटना यांनी २०२२ मध्ये २ कोटी ४५ लाख डॉलर मंजूर केले. तोवर ४६ वर्षे उलटली होती आणि अनेक खेळाडू हयात नव्हते. म्हणून मालकांनी पंचविसाव्या वर्षाची वाट न पाहता दहाव्या वर्षीच सर्वांना एकत्र बोलवावे, आणि निमंत्रण देतानाच प्रत्येकाच्या प्रकृतीची व औषधोपचाराच्या खर्चाची चौकशी करावी.