‘प्रथा’ की ‘चाल’? ट्रिस्टन दा कुन्या बेटाच्या निमित्ताने

प्रश्न असा आला आहे : “दक्षिण अटलांटिक महासागरातल्या ट्रिस्टन दा कुन्या या बेटावरच्या लोकजीवनाविषयी एक लेख मराठीत आणतो आहे. तिथल्या सगळ्या गोष्टींना मी ‘प्रथा’ हा शब्द वापरला. घरातल्या मोठ्यांनी वाचून विचारलं, ‘त्या लोकांनी असं काय वाईट केलंय?’ मग प्रथा, परंपरा, रूढी, रिवाज यांपैकी नेमकं काय वापरावं?”

घरातल्या मोठ्यांचा कान अगदी बरोबर आहे. ‘प्रथा’ हा शब्द मुळात निर्दोष. संस्कृतातल्या ‘प्रथ्’ म्हणजे पसरणे, प्रसिद्ध होणे या धातूपासून आलेला. ‘प्रथितयश’मध्ये तो आजही चांगल्या अर्थाने नांदतो. पण मराठीत तो सतीप्रथा, देवदासी प्रथा, हुंडा प्रथा अशा शब्दांच्या संगतीत इतका राहिला की एकटा आला तरी बंद पाडायच्या गोष्टीचाच वास येतो. जुनं मराठी गद्य वाचा, तिथे ‘सती जाण्याची चाल’ असं सहज लिहिलेलं सापडतं. आपली मूळ घरची शब्दसंपत्ती चाल, रीत, वहिवाट, शिरस्ता, पायंडा, प्रघात, दंडक, परिपाठ अशी आहे. ती असताना सगळीकडे ‘प्रथा’ लिहिणं ही मला खरोखर हानी वाटते. शब्द मागे पडले की त्यांच्यातला फरकही दिसेनासा होतो.

हा फरक कोशातल्या अर्थांवरून फारसा कळत नाही, कारण कोश एका शब्दासमोर बाकीचे चार ठेवून मोकळे होतात. तो कळतो क्रियापदावरून. चाल पडते, ती कोणी पाडली हे सांगता येत नाही. पायंडा मात्र कोणीतरी पाडतो. दंडक घालून दिला जातो आणि तो घालून देणाऱ्याला अधिकार असावा लागतो. रीत पाळली जाते. शिरस्ता नुसता असतो, मोडेपर्यंत त्याचा उल्लेखही कोणी करत नाही. परंपरा चालत येते, चालवली जाते आणि मुख्य म्हणजे तिच्यात खंड पडू शकतो. चालीत खंड पडला असं आपण म्हणत नाही; चाल मोडते किंवा उठून जाते. तेव्हा तुमच्या लेखातलं एकेक वाक्य घ्या आणि स्वतःला विचारा : हे कोणी सुरू केलं, कसं टिकलं, आणि कोणी केलं नाही तर काय होईल? उत्तर मिळालं की क्रियापद सुचेल, आणि क्रियापदाबरोबर नाम येईल.

आता तुमच्या बेटाकडे येऊ. केप टाऊनपासून सुमारे २,८०० किलोमीटर दूर, विमानतळ नाही, एकच वस्ती आणि अडीचशेच्या आत माणसं. इतक्या लहान समाजात काय आपोआप पडलं आणि काय कोणी ठरवून केलं हे बरंच स्पष्ट दिसतं, म्हणून शब्द पारखायला हे उदाहरण फार चांगलं आहे.

सुरुवात १८१७च्या कराराने करा. ब्रिटिश सैन्याची तुकडी १८१६ साली बेटावर आली, पुढच्या वर्षी परत निघाली, पण विल्यम ग्लास हा कॉर्पोरल बायकामुलांसह मागे राहिला. त्याने आणि त्याच्या दोन साथीदारांनी मिळून एक लेखी करार केला : माल आणि जनावरं सगळ्यांची समान, नफ्याची वाटणी समान, आणि कोणीही कोणावर वरचढपणा गाजवायचा नाही. याला ‘प्रथा’ म्हणणं चूक, ‘परंपरा’ म्हणणंही घाईचं. लिहिलं गेलं त्या दिवशी तो दंडक होता, त्या तिघांनी स्वतःच स्वतःला घालून दिलेला. पुढे माणसं वाढली, मूळ कागद बेटाबाहेर गेला आणि समानतेने वागणं ही तिथली रीत झाली. दंडकाची रीत होणं हा प्रवास तुमच्या लेखात या दोन शब्दांनीच दाखवता येईल, वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागणार नाही. ‘रीत’ला मराठीत नैतिक वजन आहे हेही ध्यानात घ्या. ‘ही काय रीत झाली?’ असं आपण चुकणाऱ्याला सुनावतो. ‘ही काय प्रथा झाली?’ असं कोणी म्हणत नाही.

जमिनीसाठी मात्र ‘वहिवाट’ला तोड नाही. बेटावरची जमीन सामाईक आहे, बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही. वस्तीच्या पश्चिमेला ‘द पॅचेस’ नावाचा भाग आहे. तिथे दगडी गडग्यांनी वेढलेले बटाट्याच्या शेताचे तुकडे आहेत आणि घरोघरची माणसं आपापले तुकडे कसतात. मालकी सामाईक आणि कसणं घराघराचं, हे नातं ‘वहिवाट’ एका शब्दात सांगतो. चराईचं कुरण संपू नये म्हणून प्रत्येक घराने किती जनावरं पाळायची यावर मर्यादा आहे. तिथे पुन्हा ‘दंडक’ किंवा सरळ ‘नियम’ म्हणा. नियमाला परंपरा म्हटलं की तो आपोआप पूजनीय वाटू लागतो, आणि तसं मूळ लेखात नसेल तर अनुवादात आणू नये.

मासेमारीच्या दिवसाचा उल्लेख तुमच्या लेखात असणारच. हवा आणि समुद्र ठीक असेल तर पहाटे टांगलेलं रिकामं गॅस सिलिंडर ठोकलं जातं, त्याला ते ‘डाँग’ म्हणतात. तो आवाज झाला की त्या दिवशी होड्या शेवंड पकडायला निघणार हे साऱ्या वस्तीला कळतं. शेवंडीचा व्यापार तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला, म्हणजे ही गोष्ट फार जुनी नाही. इथे ‘शिरस्ता’ चपखल बसतो. फारसीतून आलेला, आपल्या दफ्तरात शिरस्तेदाराच्या रूपाने स्थिरावलेला हा शब्द कामकाजाच्या ठरलेल्या घडीसाठीच आहे. त्यात भावना नाही, पावित्र्य नाही, नेमकेपणा आहे.

उंदीर मारण्याच्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘प्राचीन परंपरा’ लिहिण्याचा मोह तिथेच जास्त होतो. वर्षातून एक दिवस पथकं करून बटाट्याच्या वाफ्यांभोवतीचे उंदीर मारतात आणि सर्वांत लांब शेपटीला बक्षीस असतं. पण बेटावर मुळात उंदीरच नव्हते. ते आले १८८२ साली, ‘हेन्री बी. पॉल’ नावाचं जहाज किनाऱ्यावर फुटलं तेव्हा. बटाटा हे बेटाचं मुख्य अन्न असल्यामुळे संकट मोठं होतं. आधी गरज आली, मग कोणीतरी पायंडा पाडला, मग चाल पडली आणि आता तो सणासारखा साजरा होतो. नाव देताना ‘उंदीरमारीचा दिवस’ असं सरळ द्या. ‘मूषकसंहार दिन’ वगैरे करू नका. तिथली माणसं साधं बोलतात. त्यांच्या जागांची नावंसुद्धा ‘बकरी उडी मारते ती धार’ अशा घाटाची असतात. आणि ती नावं मराठीत आणायचीच, ध्वनी तेवढा उचलून ठेवला तर सगळी मौज जाते.

३१ डिसेंबरच्या रात्रीचे ‘ओकालोली’ हे तर आपल्या ओळखीचे. बेटावरचे पुरुष भेसूर मुखवटे आणि विचित्र कपडे चढवून घरोघर फिरतात, बायकामुलींना घाबरवतात, आपण कोण हे कळू देत नाहीत. इथे चाल, प्रथा काही नको. ‘सोंगं काढतात’ एवढं म्हणा. ‘सोंग’ या शब्दात वेष, भीती आणि गंमत तिन्ही आहेत. मूळ नाव ‘ओकालोली’ तसंच ठेवून पहिल्यांदा ‘ओकालोलींची सोंगं’ लिहिलं की पुढे वाचकाला अडचण येणार नाही.

दुसरा असाच नेमका शब्द म्हणजे ‘इर्जिक’. बेटावरच्या जुन्या घरांची छपरं फ्लॅक्स नावाच्या वनस्पतीच्या जाड पात्यांनी शाकारलेली असत. छप्पर शाकारायचं असलं की शेजारीपाजारी एकत्र येऊन काम उरकत आणि घरवाले त्यांना जेवू घालत. शेतावर औतं घेऊन जमणाऱ्या गावकऱ्यांच्या सामुदायिक कामाला आपण इर्जिक म्हणतो, मोबदला म्हणजे जेवण. ‘परस्परसहकार्याची प्रथा’ लिहिण्यापेक्षा ‘इर्जिक’ लिहा. शहरी वाचक थबकेल, पण पुढच्याच वाक्यात जेवण आलं की त्याला अर्थ लागेल. मात्र ‘गावरहाटी’ हा शब्द मोह झाला तरी टाळा. त्याच्यामागे ग्रामदेवता, मानकरी, गाऱ्हाणं असं सगळं कोकण उभं राहतं, आणि ट्रिस्टनवर त्यातलं काही नाही. इर्जिकमध्ये फक्त कामाची पद्धत आहे, म्हणून ती परक्या जागी नेता येते.

मोज्यांचा उल्लेख लेखात असला तर तिथे ‘संकेत’ वापरा. मुलगी आपल्या आवडत्या तरुणासाठी लोकरीचे मोजे विणत असे आणि त्यावर जितके रंगीत पट्टे जास्त, तितकं प्रेम जास्त असं समजलं जाई. यात करण्यापेक्षा कळवणं महत्त्वाचं आहे. जी गोष्ट अर्थ पोचवते तिला रीत न म्हणता संकेत म्हणावं.

‘रिवाज’ कुठे? मुळात अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला, आणि त्याचा जुना अर्थ चलनात असणं, बाजारात चालणं. ‘चाल’ आणि ‘चलन’ यांचं जे नातं मराठीत आहे तेच त्यातही दिसतं. ट्रिस्टनवर दीर्घकाळ पैशाचा वापर जवळजवळ नव्हता. येणाऱ्या जहाजांशी देवघेव मालाच्या बदल्यात माल अशी चाले. १९४६ साली तिथल्या टपाल तिकिटाचा जो नमुना तयार झाला त्यावर एक पेनी म्हणजे चार बटाटे असा हिशेब छापलेला होता. या अदलाबदलीला ‘रिवाज’ शोभेल. ‘रूढी’ मात्र या लेखात कुठेही घालू नका. ‘रूढ’ म्हणजे उगवलेलं, मूळ धरलेलं. ‘रूढ अर्थ’ म्हणताना तो निर्मळच आहे. पण सुधारकांच्या लढ्यानंतर ‘रूढी’ला ‘अनिष्ट’ हे विशेषण असं चिकटलं आहे की ते लिहिलं नाही तरी वाचलं जातं.

राहिली ‘परंपरा’. ती दोन ठिकाणी हक्काने वापरा. लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून केलेल्या लांब होड्या आणि त्या शिडांवर हाकत सुमारे ३८ किलोमीटरवरच्या नाइटिंगेल बेटावर जाणं, तिथून समुद्रपक्ष्यांची अंडी आणि चरबी आणणं : ही विद्या बापाकडून मुलाकडे गेली, म्हणून ती परंपरा. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, हाच ‘परंपरा’ या शब्दाचा गाभा आहे. दुसरी जागा १९६१ची. त्या ऑक्टोबरमध्ये वस्तीलगत ज्वालामुखी फुटला आणि सगळं बेट रिकामं करून लोकांना इंग्लंडला नेलं गेलं. वीज, दुकानं, नोकऱ्या सगळं तिथे होतं. तरी परत जायचं की नाही यावर १९६२ साली मतदान झालं तेव्हा १४८ जण परतण्याच्या बाजूने आणि ५ विरुद्ध होते. १९६३मध्ये बहुतेक सगळे परतले. दोन वर्षांचा खंड पडूनही जे पुन्हा सुरू झालं, त्याला ‘परंपरा’ म्हणा.

शीर्षकासाठी ‘ट्रिस्टनच्या चालीरीती’ चांगलं. जोडशब्द असल्यामुळे त्यात पडलेलं आणि पाळलेलं दोन्ही येतं. ‘द्वीपवासीयांच्या प्रथा-परंपरा’ हे सरकारी अहवालासारखं वाटतं. शिवाय ‘बेटावरची माणसं’ असताना ‘द्वीपवासी’ कशाला?