स्प्लेंडरवर पुणे ते गोवा: गाडी बदलू नका, परतीचं तेवढं बघा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. जुनी स्प्लेंडर, किनाऱ्याकिनाऱ्याने गोवा, मित्रांचं 'आधी साडेतीनशे सीसीची गाडी घे' हे पालुपद आणि परतीला गाडी रेल्वेत टाकायची. माझाही अगदी हाच बेत होता. सर्व्हिसिंग, पीयूसी वगैरे तुम्हाला सांगायला नको.

गाडी अजिबात बदलू नका (माझं मत, वाद घालणार नाही). ताम्हिणीतून श्रीवर्धनकडे उतरलात की पुढे वेगाचा प्रश्नच नाही, रस्ताच चाळीस-पन्नासचा. बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या फेरीबोटींवर 112 किलोची गाडी कोपऱ्यात कुठेही मावते. चुकून एखाद्या पाखाडीत (कोकणातली अरुंद दगडी वाट) शिरलात तर मागून उचलून वळवता येते. 195 किलोची रॉयल एनफिल्ड क्लासिक ओल्या जांभ्यावर तशी वळवून दाखवा म्हणावं! आणि शंभर सीसीच्या गाडीचे ब्रेक शू, प्लग कुठल्याही नाक्यावर मिळतात. चौपदरी हायवेवर मात्र ट्रक मागून अंगावर येतात, तिथे हौस नको.

डोकं फिरलं ते परतीला. स्टेशनचं नाव घेत नाही. रेल्वेत गाडी दोन प्रकारे जाते: तुमच्या तिकिटावर 'लगेज' म्हणून तुमच्याच ट्रेनने, नाहीतर 'पार्सल' म्हणून, डब्यात जागा होईल तेव्हा. मी लगेज म्हणून पैसे मोजले, बाबूंनी पावती पार्सलची फाडली. त्याआधी आरसीची झेरॉक्स पुसट आहे म्हणून बाहेर पिटाळलं, आलो तर खिडकी बंद. मी घरी पोचलो आणि स्प्लेंडर तिकडेच फलाटावर, गोणपाटात भिजत. फोन कोणी उचलेना. शेवटी आली तेव्हा कळवलं नाहीच, वर 'इतके दिवस पडून होती' म्हणून वारफेज, म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा आकार, लावला! आरसा तुटलेला, टाकीला पोचा. तक्रार कुठे करायची? हे म्हणे बुकिंग केलंत तिथे, ते म्हणे उतरवली तिथे. पैसे मलाही तिथे पाण्यात टाकायचे नव्हते हो.

तरी रेल्वेच हवी असेल तर पावतीवरचा शब्द खिडकीवरच वाचा. आरसे आधीच काढून सॅकमध्ये टाका, टाकी पूर्ण रिकामी करा, पुठ्ठ्यावर नाव-फोन-स्टेशन लिहून दोन ठिकाणी बांधा, चारी बाजूंनी फोटो काढा. नियम बदलले असतील तर चौकशी करून घ्या, मी काही रेल्वेतला नाही.

मला विचाराल तर चालवतच या. सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज, मग कोल्हापुरात मुक्काम. आंबोलीत धुकं असेल तर थांबून चहा घ्या, घाई करू नका. क्लचची जादा वायर जुन्या वायरीलगतच टेपने बांधून ठेवा, म्हणजे तुटली तर फक्त टोकं बदलायची.